पट्टी कोणी काढली

९ फेब्रुवारी, रविवार

रुपा, माह्या बाई, तुले तुह्या आईचा जयभीम.

कागद पाहून घाबरू नको, घरी सगळे चांगले हायत. फोन तू उचलत नाई, अन् उचलला तरी माह्या तोंडातून भलतंच निघते, म्हणून नागसेनच्या दुकानातली वही घेतली. मी तिसरी शिकलेली, अक्षर लावून लावून वाचजो. नाई लागलं तर तुह्या पोरीले, गुंजनले दे, ती बारावीले हाय म्हणते, तिले लागंन.

आधी गोड गोठ. नागसेनले पोरगी झाली! लग्नाच्या नवव्या वर्षी. अठ्ठावीस तारखेले, पहाटे, पावणेतीन किलो. मी नर्सबाईच्या हातातून घेतली त ते लेकरू जांभई देऊन राह्यलं, जसं काई तेच रात्रभर जागलं होतं अन् आपण सगळे झोपलो होतो. केस इतके की सूनबाईची माय म्हणे, वेणी घालूनच आली वाटते. मी सगळ्यात आधी बोटं मोजले. दहा हाताचे, दहा पायाचे. रोज मोजते. तुह्ये बाबा म्हणतात, काल वीस होते त आज एकवीस होतीन का? म्हटलं, एकवीस नाई झाले त नाई, पण कमी होऊ नाई, मी मोजीन.

काल बारावा दिवस झाला. पाळणा आणला, पण बारसं केलं नाई. आत्याशिवाय नाव कसं ठेवाचं? सूनबाई परक्या घरची पोरगी, पण तिनंच सांगतलं, रुपाताई आल्याशिवाय कानात नाव सांगाचं नाई. आता सगळे तिले 'बाई' म्हणतात. बाई उठली का, बाई झोपली का. पिपरी मेघे काई लंडनले नाई, दोन बशा बदलल्या की आली तू. सहा वर्षं झाले तुले या घराचा उंबरा ओलांडून.

अक्षर आज जास्तच वाकडं हाय, त्याचंही कारण सांगते. मंगळवारी बाईच्या गादीखाली गोधडीची कोर खोचत होती. खोचता खोचता उजव्या हाताचं बोट, करंगळीच्या बाजूचं, अडकलं अन् टक् वाजलं. दुखलं म्हणशीन त फारसं नाई. पण टोक लोंबलं. वरचं पेर, नखाचं, खाली पाहून राह्यलं, जसं काई लाजलं. मी म्हटलं ऊठ, त उठत नाई. दुसऱ्या हातानं उचललं की उठते, सोडलं की पुन्हा खाली.

तुले माहीतच हाय, मी पायाळू. पायाकडून जन्मलेली. सहा वर्षांची असल्यापासून लोक माह्यापुढं पालथे पडले, मी लाथ मारली की त्यायची उसण जाय. मंग पाय मुरगळलेले आले, मंग मनगटं, मंग बोटं. कोमट तेल लावाचं, ओढाचं, बसवाचं. तुह्ये बाबा किती बोलले! भिंतीवर बाबासाहेब अन् हातात तेलाची वाटी, म्हणत. मी म्हणत जाय, तेलात कोणता देव हाय? त आपलं बोटही मी ओढलं. दोन दिवस ओढलं. मंग नागसेन म्हणला, "आई, गावाचे बोटं तू बसवते, तुह्यं कोण बसवंन?" अन् गाडीवर बसवून सेवाग्रामले घेऊन गेला.

तिथं भावना म्हणून एक डॉक्टरीन हाय, हाताचंच पाहते. पोरगीच हाय, गुंजनपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी असंन. तिनं फोटो काढला, अन् बोटाच्या टोकाले पांढरी टोपरी घातली, वरून चिकटपट्टी. म्हणली, आजी, आठ आठवडे. दिवसरात्र. एक घडीही टोक वाकलं नाई पाह्यजे. धुवायले काढलं त बोट टेबलावर सपाट ठेवून काढाचं. एकदा वाकलं की मोजणी पुन्हा एकपासून.

मी म्हटलं, बाई, आमच्या घरात पट्टीचा अनुभव हाय. माह्या पोरीलेही शाळेत असताना बोटाले लागलती, पण तिनं नवव्या दिवशीच काढून फेकली, ऐकाचीच नाई. ती हसली. तूही हसजो, आता ते किती जुनं झालं. सहा वर्षांआधी नागसेनच्या नव्या घराच्या जेवणात मी हेच बोलली त तू भरल्या ताटावरून उठून गेली. एवढा राग काऊन, मले अजून समजलं नाई.

येजो. बाई वाट पाहून राह्यली.

तुही आई
भागाबाई

२० फेब्रुवारी, गुरुवार

रुपा,

तुह्यं काई उत्तर नाई. नागसेन म्हणे, पोस्ट आता हळू चालते. म्हटलं, चालत असंन.

बाई आता आवाजाकडं मान वळवते. बाबा खोकलले की तिकडं पाहते. त्यायले वाटते, नात गाण्याची होणार, सूर ओळखते. म्हटलं, खोकल्यात कोणता सूर? त म्हणे, माह्या खोकल्यात हाय. या वयात असे बोलतात. पोरीमुळं दहा वर्षं लहान झाले. पेटी मात्र अजून फडक्यात बांधलेली, माळ्यावर. मी म्हटलं काढा, नातीले ऐकवा. त उठून बाहेर गेले.

आज दाखवाले गेलती. भावना म्हणली, छान, आजी, असंच ठेवा. मले बरं वाटलं, अन् मी विचारत बसली. मले सवय हाय, तुले माहीत. विचारलं, हे तुम्ही बांधून ठेवता, चोळत नाई, ओढत नाई, मंग जुळते कसं? तिनं समजावलं. बोटाच्या पाठीवरून एक चपटी दोरी जाते, नखापर्यंत. ती टोक वर उचलते. माही ती टोकाजवळ तुटली. म्हणली, "आजी, फुटलेली बशी चिटकवली अन् वाळायच्या आधी हलवून पाह्यली त काय होईन?"

म्हटलं, पुन्हा दोन तुकडे.

"मंग चोळलं त काय होईन?"

मी बोट पदराखाली घेतलं.

मंग मले काय सुचलं कोणास ठाऊक. म्हटलं, बाई, मधलं पेर वाकलेलं असंन, अन् टोक उलटं वर झालं असंन, त ते काय असते? तिनं लगेच कागद घेऊन चित्र काढलं. जसं तुह्यंच बोट पाहून काढलं. म्हणली, मधल्या पेरावर ती दोरी फाटते अन् दोन बाजूले सरकते. मंग पेर मधून वर येते, जशी गुंडी काजातून बाहेर येते. अन् एकदा गुंडी बाहेर आली की त्या दोन्ही दोऱ्या बोट सरळ कराच्या ऐवजी वाकवाले लागतात. म्हणून मधलं पेर सहा आठवडे सरळ बांधून ठेवतात, टोक तेवढं मोकळं.

म्हटलं, अन् कोणी तेल लावून ओढलं त?

"काज आणखी फाटंन," म्हणली. "पण पट्टी नीट राह्यली त बहुतेक बोटं सुधरतात, आजी. लहान पोरांचे त चांगलेच."

बसमध्ये आपलं गाव आलं अन् गेलं, मी बसूनच. पुढच्या थांब्यावर कंडक्टर म्हणे, आजी, कुठं जाचं हाय? अर्धा कोस पायी आली परत. रस्त्यानं दोन्ही बाजूनं हरभरा उभा होता, एक घाटा तोडून खाल्ला नाई.

रुपा, तुह्यं बोट मी चोळलं, हे खरं हाय. ते मी कधी नाई म्हणत नाई. पण पट्टी तेव्हा ढिली झालीच होती. निघालीच होती म्हण. मले वाटलं, निघालीच हाय त थोडं तेल लावू. मले काय माहीत होतं? मले कोणी चित्र काढून दाखवलं नव्हतं.

बाई रडून राह्यली, जाते.

आई

६ मार्च, गुरुवार

रुपा,

वरती लिहिलेली तारीख नीट वाचजो. आजपासून माही मोजणी पुन्हा एक.

हे पत्र लिहाच्या आधी तीन कागद फाडले. तिन्हीत मी चांगली दिसत होती.

परवा घरात कोणी नव्हतं. सूनबाई न्हाणीत, नागसेन दुकानात, बाबा विहाराकडं गेलते. बाई पाटावर, अंगावर तेल घातलेलं. तिची मालिश रोज सूनबाई करते, पण सूनबाईचा हात हलका, लेकराचं अंग मोकळं होत नाई असं मले वाटते. मी करू लागली त टोपरीची कोर तिच्या पाठीले घासे. लाल रेघ उठली. मंग मी पट्टी काढली. म्हटलं, पाच मिनिटं. कोणी पाह्यलं नाई. अन् काय सांगू तुले, ते लेकरू माह्या हाताखाली असं पसरलं, हासलं, खरंच हासलं रुपा, अन् मी बोट विसरली. आठवलं तेव्हा टोक तेलाच्या वाटीत लोंबत होतं.

पुसलं, पट्टी चढवली, चिकटपट्टी लावली. अन् गुपचूप बसली.

आज भावनानं सोडून पाह्यलं. टोक खाली. अठ्ठावीस दिवसांचं सगळं पाण्यात. ती रागावली नाई. म्हणली, "आजी, मधात काढली होती का?"

अन् मी म्हटलं, "मी नाई काढली. नातीनं ओढली. मुठीत धरली अन् ओढून काढली."

"नात केवढी हाय?"

"सव्वा महिन्याची."

मागं रांगेत बसलेले सगळे हासले. एक बाई म्हणे, पोरगी पहिलवान दिसते. भावनाही हासली, तिले वाटलं आजी गंमत करून राह्यली. अन् मी, रुपा, मी मान खाली घातली. मले माहाच आवाज ऐकू आला. तोच आवाज. चोवीस वर्षांआधीचा. मी नाई काढली, तिनं काढली. तेव्हा तू दहावीत होती, आता सव्वा महिन्याचं लेकरू सापडलं मले.

मी तिले म्हटलं, "बाई, खोटं बोलली. मी काढली." ती म्हणे, "माहीत हाय मले, आजी, होते असं." पण तिले काईच माहीत नाई.

आता तुले जे माहीत हाय तेच मी लिहून देते, म्हणजे ते एकट्या तुह्याजवळ राहणार नाई.

व्हॉलीबॉल लागला तेव्हा अनुप सरांनी तुले बसमध्ये बसवून दवाखान्यात नेलं. पट्टी बांधून आणली. मले अंगणात उभं राहून समजावलं, सहा आठवडे, काकू, हात लावू नका. मी त्यायले चहा देल्ला अन् मानही हालवली. नवव्या दिवशी मी हापशीवर गेली त सुलोचना पाणी भरत होती. म्हणली, "काय वं भागा, गावाचे बोटं तू बसवते अन् घरच्या पोरीले दवाखान्याची पट्टी? मंग आम्ही कोणाकडं जाचं?" बाकीच्या तोंडाले पदर लावून हासल्या. पाण्याची गुंडी डोक्यावर घेऊन मी घरी आली, अन् उतरवाच्या आधीच तुले हाक मारली.

तू म्हणत होती, "आई, सर सहा आठवडे म्हणले." मी म्हटलं, "तुह्ये सर पायाकडून जन्मले का?" पट्टी ढिली नव्हती. मी इळ्यानं कापली. तेल लावलं अन् ओढलं. तू वरडली. मी आणखी ओढलं, कड् वाजलं, मी म्हटलं, बसलं. अन् ती पट्टी चुलीत घातली, कोणी पाह्यलं त म्हणीन तिची गरजच नाई राह्यली.

संध्याकाळी बाबा आले. "पट्टी कुठं हाय?" मी भाकर थापत होती. म्हटलं, "तुमच्या लाडकीनं काढून फेकली." तू चुलीजवळ बसली होती. तुनं माह्याकडं पाह्यलं. असं पाह्यलं, जसं मी आता म्हणीन, गंमत केली. मी भाकर पलटली.

तुले वाटत असंन मी विसरली. ती भाकर जळली होती, मले तेही आठवते.

मंग बोट वाकलं, अन् बाबा म्हणले, जी सहा आठवडे पट्टी सांभाळत नाई तिनं पेटीले हात लावाचा नाई. जयंतीच्या गाण्याले तू बसणार होती. पूर्ण गाव म्हणे, नत्थूची पोरगी बापापेक्षा चांगली वाजवते. त्यायनं पेटी फडक्यात बांधली, ती अजून बांधलेली हाय. मी एक शब्द बोलली असती त ती सुटली असती. नाई बोलली. मंग ते खोटं मलेच खरं वाटाले लागलं, अन् पाव्हण्यापुढं सांगाची सवय झाली. जेवणाच्या पंगतीतही सांगतलं. तू काऊन उठून गेली हे मले समजलं नाई असं पहिल्या पत्रात लिहिलं. समजलं होतं.

या पत्राच्या खाली येजो असं लिहीत नाई.

भागाबाई

१६ मार्च, रविवार

रुपा,

आज अकरावा दिवस. टोपरीच्या आत खाजते, पण हात लावत नाई. बाईची मालिश सूनबाई करते, अन् चांगली करते, मी उगाच बोलत होती.

त्या पत्राच्या रात्री झोप आली नाई, म्हणून सकाळी बाबाले सांगतलं. सगळं. सुलोचना, हापशी, चूल. ते दात घासत होते. चूळ भरली, थुंकली, अन् तसेच उभे. मंग म्हणले, "चोवीस वर्षं तू माह्या तोंडून पोरीले बोल लावला." एवढंच. रागावले असते त मले सोपं झालं असतं. दुपारी माळ्यावर चढले. पडतीन म्हणून मी शिडी धरली, त म्हणे, सोड. पेटी खाली आणली, फडकं सोडलं, भाता हालवला. वाळवी नाई लागली, पण दोन सूर बोलत नाई. वाजवली नाई. तिच्यावर हात ठेवून बसले, जसे लेकराच्या डोक्यावर ठेवतात. माह्याशी चार दिवस बोलले नाई. पाचव्या दिवशी, मीठ दे, म्हणले.

आज विहारात वंदना झाली अन् मी उभी राह्यली. मागच्या बाईनं पदर ओढून विचारलं, घरी चालली का? म्हटलं, मले सांगाचं हाय. माह्या रुपानं पट्टी फेकली नव्हती. मी कापली अन् तिच्यावर घातलं. तिचं बोट माह्या हातानं वाकलं. आजपासून मी कोणाचं बोट, मनगट ओढणार नाई. लागलं त दवाखान्यात जा, पट्टी देतीन ते ठेवा.

मले वाटलं, लोक थुंकतीन. रुपा, कोणी रागावलंच नाई. सुलोचना म्हणे, "अगं बाई, मी कधी म्हटलं असं? मले त आठवतही नाई." खरंच आठवत नाई तिले, डोये पाहून समजते. तुह्यं एवढं गेलं, अन् ज्या बोलण्यापायी गेलं ते बोलणारीच्या ध्यानातही नाई. रूपराव म्हणे, "मंग माह्या अंगठ्याचं काय, भागाबाई? तो बी तुह्याच हातचा हाय." अंगठा वर करून दाखवला, अन् तो खरंच वाकडा हाय. मले तो कधी दिसलाच नव्हता. कोणी म्हणे, बोटं सोड, पण उसणीची लाथ चालू ठेव. सगळे हासले. मी घरी येऊन बाईच्या पाळण्याजवळ बसली. किती जणांचे ओढले असतीन? मोजाले बसली, अन् मोजणं सोडून देल्लं.

आता कामाचं. गुरुवारी भावनाले तुह्याविषयी विचारलं. नाव घेऊन, माही पोरगी म्हणून, जे झालं ते सांगून. चोवीस वर्षं झाले म्हटलं त ती म्हणली, पूर्ण सरळ होईन असं मी सांगणार नाई. पण पेर दुसऱ्या हातानं दाबून थोडं सरळ होत असंन त अजून आशा हाय, हळूहळू पट्टीनं सुटते. नाईच सुटलं त पुढचं मोठे डॉक्टर पाहतीन. आधी बोट पाहू तर द्या.

हात पाहाचा वार गुरुवार, सकाळी नऊपासून. नंबर लवकर लावाचा. मी सोबत येणार नाई. माह्या तपासणीचा गुरुवार सत्तावीस तारखेचा हाय, तेवढा सोडून कोणताही तुहा. तुले तोच जमत असंन त नागसेनले सांगजो, मी त्या दिवशी जाणार नाई, पुढच्या आठवड्यात जाईन.

बारशाचं मी काई लिहीत नाई. बाईले 'बाई' चालते.

आई

२७ मार्च, गुरुवार

रुपा,

हे दवाखान्याच्या बाकावर सुरू केलं, नंबराच्या चिठ्ठीच्या मागं, तू आत गेली तेव्हा. उरलेलं घरी येऊन वहीत लिहून राह्यली. तू आज तिथंच होती, तुले सगळं माहीत हाय, तरी लिहिते. बोललेलं मी फिरवते. लिहिलेलं तुह्याजवळ राहीन.

मले वाटलं होतं तू माहा गुरुवार सोडून दुसऱ्या गुरुवारी जाशीन. अन् तू बरोबर सत्तावीसलेच आली. गुंजन आधी दिसली, अन् मले वाटलं तूच हाय, दहावीतली. तशीच मान. तिनं वाकून जयभीम केला. तू माह्याकडं पाह्यलं नाई, दोन बाकं सोडून बसली. केस पांढरे होऊन राह्यले तुह्ये, कानाजवळ. उजवा हात पदराखाली होता. तो पदर मीच शिकवला तुले. पाव्हणे पाहाले आले तेव्हा म्हटलं होतं, चहा देताना डावा हात पुढं कर.

तुहा नंबर माह्या आधी लागला. दार उघडंच होतं, पंखा बंद म्हणून. भावनानं तुह्यं बोट हातात घेतलं, दाबून पाह्यलं, वाकवून पाह्यलं. तुले दुखलं, तू ओठ दाबला, तेव्हाही असाच दाबे. मंग तिनं कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "त्या वेळेस पट्टी किती दिवस होती?"

तू म्हणली, "आठ दिवस. नवव्या दिवशी निघाली."

"कोणी काढली?"

तू मान वळवली, अन् दारातून माह्याकडं पाह्यलं.

तेच पाहणं. चुलीजवळचं. चोवीस वर्षं मी त्या पाहण्याले पाठ दाखवली. आज पलटाले हातात भाकर नव्हती.

मी उठली. पूर्ण रांग पाहून राह्यली होती, त्या दिवशी हासली ती बाईही होती. म्हटलं, "मी काढली. इळ्यानं कापली, चुलीत घातली, अन् हिनं फेकली म्हणून सांगतलं. लिहा बाई."

भावनाचा पेन थांबला. तिनं तुह्याकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, अन् लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाई. तू मान फिरवली. तुह्या पाठीवरून मले काई समजलं नाई. रडत होती की नाई, तेही नाई.

बाहेर आली तेव्हा तुह्या मधल्या बोटाले पांढरी पट्टी होती. टोक मोकळं, मधलं पेर बांधलेलं. थोडं सुटंन, पूर्ण नाई, असं गुंजननं सांगतलं. तू जवळ आली. मी उभी राह्यली, मास्तरापुढं राहतात तशी.

"तुह्ये किती झाले?"

"बावीस."

"आता काढली त पाह्य," तू म्हणली.

"नाई काढत."

"तुहा भरवसा नाई."

"नाई," म्हटलं. "माहा नाईच हाय. सूनबाईले सांगून ठेवलं, रोज पाहाले."

गुंजन तोंड फिरवून हासली. तू नाई हासली. फाटकापर्यंत आपण तिघी गेलो, तू पुढं, मी मागं, गुंजन मधात. मले तुह्या हाताले हात लावावासा वाटला, पण तो हात आता माहा नाई, म्हणून मी माहा हात पिशवीत ठेवला. पिपरीकडची ऑटो आली. तू एक पाय आत ठेवला, अन् मंग थांबली.

"पेटी खरंच काढली का बाबानं?"

म्हटलं, काढली. दोन सूर बोलत नाई.

"कोणते?"

मले सूर कुठं समजतात, रुपा. म्हटलं, बाबाले विचारते. तू म्हणली, "राहू दे, मीच पाहीन." आत बसली, गुंजनही बसली. ऑटोवाला निघाला, अन् तुनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याले थांबवलं, तोच पट्टीचा हात, अन् बाहेर डोकं काढून मले म्हणली,

"अन् त्या लेकराले बाई बाई काय करता वं सगळे? बाई काई नाव हाय का?"

घरी आल्यावर बाबाले एवढंच सांगतलं. त्यायनं पेटी खोलीत नेली, दार लावून घेतलं, अन् तेव्हापासून एकच सूर दाबून पाहून राह्यले. वाजते का, नाई वाजत. बाई ऐकून राह्यली, मान तिकडं वळवून.

टोपरी जागेवर हाय. सूनबाईनं आत्ताच पाह्यली.

तुही आई
भागाबाई
दिवस बावीसवा